मोरपंखी दारावरचं नाव

“हे काय केलंय?” मी विचारलं.

दस्तगीरभाईंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. हातातली रंग फवारायची नवी गन अजून ठिबकत होती. आदल्या दिवशी रंगवलेलं कपाटाचं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी त्यावरून तळवा फिरवला. चकचकीत मोरपंखी रंग. त्यात बघून बाईनं कुंकू लावावं, इतका लख्ख निघायला हवा होता. हाताला लागलं काय, तर देवी येऊन गेलेल्या माणसाचा गाल. वर मध्ये मध्ये फुटके थेंब, कुणी गुळणी टाकल्यासारखे.

“वहिनी, हवा जरा...”

“हवा तुमच्या डोक्यात गेलीय. हे तिसरं कपाट. तिसरं!”

बाजूला खुर्चीत तात्या मोहिते बसले होते. ते कपाट त्यांच्या भाचीचं. आमच्याकडं लग्नात मामाचं कपाट मांडवात मधोमध ठेवतात, आणि वरमाय सगळ्यांदेखत त्याच्या दारावरून हात फिरवते. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली, उठले, त्यांनीही हात फिरवला.

“आक्का,” ते म्हणाले, “आवंदा कपाटाला बी खरूज झाली का वो?”

फाटकाशी उभी असलेली दोन माणसं हसली. ते हसू माझ्या अंगाला अजून चिकटलेलं आहे. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

आम्ही लोहार. भट्टी मोडून माझ्या मालकांनी, दादू मिस्त्रींनी, विट्यात तासगाव रस्त्याला पत्र्याची कपाटं करायला सुरुवात केली, आणि चार वर्षांत ते गेले. माझा भगवान तेव्हा अकरा वर्षांचा. दीर म्हणाले, वहिनी, कारखाना मोडा, बाईमाणसाचं काम नव्हं. मी म्हटलं, बाईमाणसाचं काम कुठलं ते बाईमाणसाला ठरवू द्या, तुम्ही तुमची शेळी बांधा जा. शिक्षण माझं तिसरी. पण पत्रा कुठल्या गेजचा, किती जाड, ते मी नख मारून सांगते.

त्या दिवसांत माझ्यासोबत टिकलं कोण, तर हे दस्तगीरभाई. मालकांचे दोस्त, एका ताटात जेवणारे. त्या मोरपंखी दारापर्यंत बावीस वर्षं माझ्याकडं रंग मारलेला. तालुक्यात कुणाच्याही मांडवात जा, कपाटाचं दार बघून लोक म्हणायचे, दस्तगीरचा हात आहे. त्यांनी कधी कुठल्या दारावर आपलं नाव टाकलं नाही. आतल्या बाजूला मामाचं नाव टाकायचे, चुलत्याचं टाकायचे, “सप्रेम भेट” असं वळणदार लिहायचे. स्वतःचं कधी नाही.

जुनी गन हवेच्या जोरावर चालायची. अर्धा रंग पत्र्यावर, अर्धा आभाळात. अंगणातली माझी तुळस बारा महिने राखाडी. दस्तगीरभाई खोकायला लागले की शेजारी उठून बघायचे. मग माझी सून उज्वला मागं लागली. बारावी झालेली, शास्त्र घेऊन. लग्न होऊन आली तेव्हापासून हातात काही ना काही कागद.

“आत्याबाई, कमी प्रेशरची गन मिळती आता. रंग उडत नाही, पत्र्यावरच बसतो. चाचांच्या छातीला बरं.”

“त्यांच्या छातीचं मला शिकवू नकोस. तू यायच्या आधीपासून ऐकतीय मी ती.”

पण सांगलीला जाऊन गन आणली मीच. दुकानदारानं विचारलं, “आक्का, हवा किती आहे तुमच्याकडं?” मी म्हटलं, “हवा लई हाय. तू भाव बोल.”

आणि त्याच आठवड्यात मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्याकडं हवेचा पाच एचपीचा जुना कॉम्प्रेसर होता. मालकांनी बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारी टाकी. आम्ही त्याला हत्ती म्हणायचो. खंडेनवमीला पहिला हार त्याला. तो धडधडायला लागला की बोलणं ऐकू यायचं नाही आणि विजेचा मीटर गरगर फिरायचा. बायपासवरचा बबन टायरवाला त्याच्यावर दोन वर्षं डोळा ठेवून होता. मी विचार केला, नव्या गनला प्रेशर कमी लागतं. मग हत्ती पोसायचा कशाला? टेंपोच्या चाकात हवा भरायला एक एचपीचं लहान मशीन होतंच कोपऱ्यात. हत्ती बबनला दिला, लहान मशीन गनला जोडलं, आणि पुढचे चार दिवस मी अशी चालत होते जशी काय गावाची सरपंच.

आणि आता हे. शनिवारपर्यंत नऊ कपाटं द्यायची होती. लग्नाच्या तिथी काही आपल्यासाठी थांबत नाहीत. हातात चार दिवस, आणि तीन कपाटं खरजलेली.

“प्रेशर वाढवलं का न्हाई?” मी विचारलं.

“तुमीच तर हवेचा काटा तीनावर नेला, वहिनी. मला वाटतंय, मशीन...”

“मशीन काल हुतं तसंच आज हाय! बदललंय काय ते मला दिसतंय. हात बघ. थरथरतोय.”

हात खरंच थरथरत होता. आता कळतं, सकाळपासून अडकणारी गन धरून धरून कुणाचाही थरथरेल. तेव्हा मला तेवढंच दिसलं.

“म्हातारा झालास तू,” मी म्हटलं. “नवी गन नको हुती म्हणून मुद्दाम घाण करतूस का, त्ये तरी सांग.”

बावीस वर्षं मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत आले होते. त्या दुपारी तात्या मोहित्यांसमोर ‘तू’ झालं. उज्वला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती जागीच थांबली.

“मुद्दाम?” दस्तगीरभाई म्हणाले.

“मग? घाल की तुझं नाव त्या दारावर. तालुक्याला कळू दे कुणाचं काम हाय ते!”

त्यांनी गन खाली ठेवली. सावकाश, खिळ्यावर टांगतात तशी नाही. मेलेलं पाखरू ठेवावं तशी. बारीक ब्रश घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला, आणि त्या खराब दारावर, आत नाही, बाहेर, डोळ्यांच्या उंचीला लिहिलं: ‘दस्तगीर पेंटर’. हात जराही थरथरला नाही. असं अक्षर की तात्यांचंही तोंड बंद झालं.

ब्रश थिनरच्या डब्यात उभा केला, फडकं घडी करून खांद्यावर टाकलं, सायकल काढली आणि गेले. जाताना एवढंच म्हणाले, “येतो वहिनी.”

“जा की! रंगाऱ्यांचा काय दुष्काळ पडलाय का!” मी फाटकापर्यंत ओरडत गेले.

तात्या म्हणाले, “आक्का, मी बारा कोसांवरनं ऐकून तुमच्याकडं आलोय. शनवारी मला कपाट न्हाई मिळालं, तर मी भाचीला काय तोंड दाखवू?”

“मिळंल.”

“कोण मारणार रंग?”

“मी मारती.”

बावीस वर्षं बघत आले होते. त्यात काय मोठी विद्या, चाप दाबायचा आणि हात सरळ न्यायचा. पदर खोचला, चौथ्या कपाटाचं एक कोरं दार लाकडी घोड्यावर आडवं टाकलं आणि चाप दाबला. पहिला हातभर रंग मलईसारखा बसला. मी मनातल्या मनात दस्तगीरला दोन शिव्या हासडल्या: बघ म्हाताऱ्या, बाईच्या हातानं कसा बसतोय. दुसऱ्या फेऱ्याला गन फुरफुरली. तिसऱ्याला थुंकली. लहान मशीन कोपऱ्यात जीव तोडून ओरडत होतं. मी दात खाऊन चाप दाबून धरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या स्वतःच्या हाताखाली, दारावर तेच देवीचे वण उठले.

“आत्याबाई,” मागून उज्वला म्हणाली. ती भिंतीवरच्या हवेच्या मीटरशी उभी होती. “चाप सोडा.”

मी सोडला.

“काटा बघा.”

काटा तीनावर होता. “तीनावर हाय. ठेवला तसा.”

“आता दाबा. दाबूनच धरा. काटा बघा.”

मी दाबला. काटा घसरला. तीनावरून दोनावर, दोनावरून एकावर, आणि मग एकाच्याही खाली, निलाजऱ्यासारखा पडून राहिला. सोडला की पुन्हा उठून तीनावर. म्हणजे कुणी बघायला गेलं की तो तीनावर उभा, आणि काम लागलं की आडवा. चार दिवस मी येता-जाता त्या काट्याकडं बघून खात्री करून घेत होते, आणि प्रत्येक वेळी गन खिळ्याला टांगलेली होती.

उज्वला काही बोलली नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

“बोल की गं! तोंड शिवलंय का?”

“काय बोलू? मला वाचून दाखवू नकोस म्हणाला होता तुम्ही.”

म्हटलं होतं. हत्ती बबनच्या ट्रॉलीत चढवत होते तेव्हा ही पोर गनच्या खोक्यातला कागद घेऊन पळत आली होती. “आत्याबाई, थांबा, यात लिहिलंय, प्रेशर कमी लागतं पण हवा जुन्या गनपेक्षा जास्त लागती. मिनिटाला बारा घनफूट. लहान मशीन चार पण देत नाही. पाईप पण जाड पाहिजे...” चार माणसांत, बबनसमोर. मी तिला म्हटलं होतं, “मला वाचून दाखवू नकोस. तुझ्या सासऱ्यानं कागद वाचून न्हाई उभारला कारखाना.” माणसं हसली होती. त्या वेळी हसली होती ती माझ्या बाजूनं.

भगवान टेंपो घेऊन आला तशी मी त्यात चढले. लहान मशीनही मागं टाकायला लावलं. त्यानं विचारलं, “कुठं?” मी म्हटलं, “तुझ्या आईची लाज आणायला. चल.”

बबन ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसला होता. हत्ती त्याच्या मागं, माझ्या हारांचा डाग अजून टाकीवर. बबननं मला बघितलं, टेंपोतलं मशीन बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

“आक्का, हत्ती विकला, आन आता सोंड मागायला आला व्हय?”

“परत पायजे.”

“विकलेली म्हस कुणी परत मागतंय का?”

“बबन, मी चुकले. आता पुन्हा म्हणायला लावू नकोस, मला सवय न्हाई.”

ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, सगळे बघत होते. बबन हात पुसत उठला.

“टायरचं येगळं असतंय, आक्का. टायरला जोर लागतोय. हवा घोटाघोटानं दिली तरी चालतंय, यळ लागंल पर भरतंय. तुमच्या गनला जोर कमी, पर धार लागती. नदीवाणी. ह्ये बारकं मशीन म्हंजे तांब्या. तांब्यानं कुठं मळा भिजतोय?”

“हे तुला ठाऊक हुतं?”

“म्या तवाच म्हणलं मनात, आक्का नवी गन घेत्यात आन हत्ती इकत्यात.”

“मग बोलला का न्हाईस, मुडद्या?”

“तुमच्याम्होरं कोण बोलतंय?”

तो थट्टेत बोलला. ड्रायव्हर हसला. मी भगवानला हात करून लहान मशीन खाली घ्यायला लावलं. बबननं लहान मशीन ठेवून घेतलं, पंक्चरला पुरतं म्हणाला, हत्ती टेंपोत चढवला आणि वर एक जाड पाईप टाकला. “ह्यो बी न्या. त्या सुतळीतनं धार कशी जाणार?”

हत्ती भगवानबरोबर घरी धाडला आणि मी चालत दस्तगीरभाईंच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांची बायको मला बघून आत गेली. पाणी आणलं नाही. तिचं बरोबर होतं.

“तुम्हाला कळलं हुतं,” मी उभ्यानंच म्हटलं.

“पयल्याच हाताला. हवा पुरंना.”

“मग सांगायचं हुतं.”

त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. “दोनदा सांगितलं, वहिनी. एकदा तुमी म्हणला, हवा डोक्यात गेली. एकदा म्हणला, हात थरथरतोय. वर म्हणला, म्हातारा झालास तू.”

‘तू’वर त्यांनी जोर दिला नाही. साधाच बोलले. मी तिथंच त्यांच्या ओट्याच्या पायरीवर बसले. बावीस वर्षं मी त्या घरी ईदेला येत होते, खुर्चीवर बसत होते.

“हत्ती आणलाय परत,” मी म्हटलं. “उद्या या.”

“आलो असतो. पर त्या दारावर माझं नाव हाय.”

“पुसून टाका की.”

“मी लिवलंय. तुमी लिवायला लावलं म्हणून लिवलंय. मी न्हाई पुसायचा.”

बावीस वर्षांत त्यांनी मला एवढी एकच गोष्ट नाकारली. मला राग आला, खरं सांगते, तिथंही आला. उठले आणि निघाले.

सकाळी भगवानला सांगितलं, तात्या मोहित्यांना घेऊन ये. तो म्हणाला, “आई, कपाट तयार न्हाई, त्यांना कशाला?” म्हटलं, “काल हसले ना, त्यांना घेऊन ये. फाटकाशी ती दोन माणसं हुती, ती बी दिसली तर घे.” आणि उज्वलाला दस्तगीरभाईंकडं धाडलं. म्हटलं, “त्यांना म्हणावं, रंग मारू नका. नुसतं बघायला या.”

सगळे आले. दस्तगीरभाई फाटकाच्या आत सायकलला टेकून उभे राहिले. मी थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि त्या खराब दारावरचं नाव पुसायला लागले. थिनर काय, नाव खातं तसा खालचा रंगही खातं. ‘दस्तगीर पेंटर’ गेलं आणि तिथं पत्र्याचं टक्कल पडलं.

“आक्का, काय चाललंय?” तात्या म्हणाले.

“वाचता येतंय न्हवं? थांबा.”

पांढऱ्या रंगाचा बारीक ब्रश घेतला. तिसरी शिकलेल्या बाईला नाव तेवढं येतं, बँकेत अंगठा द्यायची लाज वाटली म्हणून पुन्हा गिरवून घेतलेलं. ‘ह’ला काना देताना रंगाचा ओघळ आला. ‘सा’ वाकडा झाला. डोळ्यांच्या उंचीला, टकलावर, मी लिहिलं: ‘हौसाबाई’. 

“हत्ती मी विकला,” मी मोठ्यानं म्हटलं. “सून वाचून सांगत हुती, तिचं तोंड मी बंद केलं. रंगारी सांगत हुते, त्यांचं मी केलं. या तीन कपाटांची घाण माझ्या हातची हाय. कुणाला हसायचं असंल तर आता हसा, सगळ्यांनी मिळून एकदाच.”

कुणी हसलं नाही. उज्वला खाली बघत होती. दस्तगीरभाईंनी सायकल स्टँडला लावली, खांद्यावरचं फडकं तोंडाला बांधलं.

“कागद कुठाय, पोरी?” त्यांनी विचारलं.

उज्वलानं माझ्याकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतीस? वाच.”

ती वाचायला लागली. हवेतला दमटपणा टाकीत साचून झालेलं पाणी आधी काढलं, वाटीभर तांबडं पाणी निघालं. जाड पाईप जोडला. हत्ती सुरू झाला, पत्र्याची भिंत हलायला लागली. दस्तगीरभाईंनी चाप दाबून धरला आणि मला म्हणाले, “वहिनी, काटा तुमी लावा.” वाहत्या हवेवर मी काटा दोनावर आणला. तो तिथंच उभा राहिला, मारुतीसारखा. गननं जुन्यासारखी किंकाळी फोडली नाही. सुस्कारा टाकावा तसा आवाज, रंगाचा पंखा पत्र्यावर उतरला आणि तिथंच बसला. हवेत काही नाही. दस्तगीरभाई दोन दारं मारून झाली तरी खोकले नाहीत.

शनिवारी तात्यांच्या भाचीचं कपाट मांडवात गेलं, नव्या दारांसकट. वरमायनं हात फिरवला आणि पदर नीट करून घेतला, त्या दारात बघून. बाकीची आठही गेली. दस्तगीरभाई त्यानंतर सात वर्षं माझ्याकडं होते. आता लेकाकडं बार्शीला असतात. लग्नसराई आली की फोन करतात आणि पहिलं विचारतात, “वहिनी, टाकीतलं पाणी काढता का?” मी म्हणते, “तुम्ही मला शिकवू नका.” ‘तुम्ही’ म्हणते.

कारखान्याचं सगळं आता उज्वला बघते. माझं काम फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचत बसायचं. खुर्चीमागं ते मोरपंखी दार अजून उभं आहे. भगवान दोनदा भंगारात घालायला निघाला, दोनदा मी त्याला काठी दाखवली. नवं गिऱ्हाईक आलं की हटकून त्यावर हात फिरवतं आणि तोंड वाकडं करतं. म्हणतं, आजी, एवढा नावाजलेला कारखाना तुमचा, आणि दारातच हे असलं काम? कुणी केलंय?

“वर लिहिलंय,” मी म्हणते. “वाच की.”